टेरिटोरियल आर्मी: आधी कमाई दाखवा, मग वर्दी घाला?

आडवाटेचा
धाकट्या चुलतभावाने परवा टीएच्या (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे आपला कामधंदा सांभाळून करायची लष्कराची अर्धवेळ राखीव फौज) अधिकारी भरतीची जाहिरात पाठवली. वय १८ ते ४२, कुठल्याही शाखेची पदवी, तब्येत ठणठणीत. इथवर गडी खूश. पुढची ओळ: उमेदवार कमावता हवा. झालं! हा दोन वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतोय, पहाटे उठून दहा किलोमीटर पळतो, पण उत्पन्न नाही म्हणून बाद. मी एक्केचाळिशीचा, तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाप लागते, पण सॅलरी स्लिप आहे म्हणून पात्र! ही अट काढून टाकावी असं माझं स्पष्ट मत आहे. कोण पळतंय ते बघा, कोणाच्या खात्यात काय जमा होतंय ते कशाला?

खडूस कारकून
पात्र तुम्ही फक्त अर्जापुरते. लेखी परीक्षा, मुलाखत, एसएसबीचे (लष्करी अधिकारी निवडणारं मंडळ) पाच दिवस, मेडिकल... धापेचा हिशेब तिथे होईल :)
बाकी असहमत. कमावता माणूस हा टीएचा पायाच आहे. कायदा १९४८ चा, ९ ऑक्टोबर १९४९ ला राजगोपालाचारींनी उद्घाटन केलं. कल्पना पहिल्यापासून एकच: माणूस एरवी आपापल्या उद्योगात असेल, गरज पडली की बोलावू, काम झालं की घरी पाठवू. घरी गेल्यावर तो काय खाणार हे आधी विचारायला नको? पूर्णवेळ फौज हवी असेल त्याला सीडीएस (नियमित सैन्यदलांत अधिकारी व्हायची परीक्षा) आहे.

आडवाटेचा
सीडीएसचं वय गेलं त्याचं. सव्वीस पूर्ण.

जुना फौजी
टीएत अकरा वर्षं झाली, एरवी बँकेत आहे. थोडं आतलं सांगतो.

पहिल्या वर्षी एक महिना बेसिक आणि दोन महिने वार्षिक प्रशिक्षण. पहिल्या दोन वर्षांत चेन्नईच्या ओटीएमध्ये (अधिकारी प्रशिक्षण अकादमी) तीन महिने वेगळे. नंतर दरवर्षी दोन महिने. वर्दीत असू तेवढ्या दिवसांचा पगार नियमित लष्कराच्या दराने, उरलेल्या दिवसांचा छदाम नाही. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी प्रत्यक्ष सेवेची २० वर्षं भरावी लागतात. नुसत्या वार्षिक प्रशिक्षणावर ती भरायला १२० वर्षं लागतील!

आमच्याबरोबर एक जण होता. धंदा फक्त अर्जाच्या प्रतिज्ञापत्रावर, प्रत्यक्षात काही नाही. प्रशिक्षण संपलं की आम्ही ट्रंका बांधून स्टेशन गाठायचो आणि हा ॲड्ज्युटंटच्या (बटालियनचं प्रशासन बघणारा अधिकारी) ऑफिसबाहेर उभा. "सर, अजून महिनाभर ठेवून घेता येईल का?" दरवर्षी तेच. नकाशावाचनात आम्हा सगळ्यांना भारी, जवानांचा लाडका. पण दोन महिन्यांच्या पगारात बारा महिने काढायचे होते त्याला. चौथ्या वर्षी राजीनामा देऊन गेला.

म्हणून अट हवी. तुमच्या भावासारख्यांना अडवायला नाही, त्याच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून.

अवांतर: कोणी धोनीचं नाव काढायच्या आत सांगतो, त्याची २०११ ची लेफ्टनंट कर्नल ही मानद रँक आहे. त्या दाराला ही परीक्षा नसते.

तिखटमिरची
दोन्ही बाजू चुकताय. जाहिरातीत न छापलेली खरी अट आहे रजा.

२०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टीएत महिलांना घ्यायला हवं असा निकाल दिला, तेव्हाच ठरवलं होतं आपण अर्ज करायचा. पदवी आहे, नोकरी आहे, फिटनेस आहे. ना-हरकत पत्र मागायला गेले तर एचआरची बाई म्हणाली, "दरवर्षी दोन महिने? मग आम्ही तुझ्या जागी दुसरीच का घेऊ नये?" हसत म्हणाली, पण पत्र काही दिलं नाही. कायद्यात कलम ७अ आहे म्हणे, सेवेहून परतलेल्याला कामावर घ्यावंच लागतं. आदेश मोडला तर मालकाला दंड हजार रुपयांपर्यंत आणि सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई. हजार रुपयांना कोण भितंय?

म्हणजे उरले कोण? सरकारी नोकर, बँकवाले (जुना फौजी, राग नको) आणि स्वतःचा धंदा असलेले. खाजगी कंपनीतल्यांना अट कागदावर पूर्ण करता येते, प्रत्यक्षात नाही.

खडूस कारकून
हे मात्र मान्य. मे २०२५ मध्ये सरकारने लष्करप्रमुखांना टीएच्या लोकांना बोलावण्याचे अधिकार दिले, टीएच्या ३२ पैकी १४ इन्फंट्री (पायदळ) बटालियन सेवेत बोलावायला परवानगी दिली. अशा बोलावण्याला दोन महिन्यांची मर्यादा नसते. खाजगी मालक किती दिवस वाट बघेल?
तरीही अट काढा म्हणणार नाही. मालकांना आवळा.

आडवाटेचा
जुना फौजी यांचा किस्सा वाचून थोडा नरमलोय. पण एक शंका. भाऊ संध्याकाळी दहावीच्या पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. महिना आठ-नऊ हजार सुटतात. ही कमाई धरतात का?

जुना फौजी
स्वयंरोजगारात बसेल. प्रतिज्ञापत्रात कामाचं स्वरूप आणि वार्षिक उत्पन्न लिहावं लागतं. आकडा खराच लिहायला सांगा, फुगवू नका. मला मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच आला होता.

तिखटमिरची
आणि दहावीची परीक्षा मार्चमध्ये असते, वार्षिक प्रशिक्षण तेव्हाच आलं तर पोरांचे आईबाप काय म्हणतील तेही विचारून ठेवायला सांगा त्याला.