गाडी गरम झाल्यावर चालू होत नाही – बॅटरी बदलावी का? सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१५ ची पेट्रोल गाडी असून तिला नंतर सीएनजी किट बसवलेले आहे. मुंबईहून परतताना कसारा घाट चढून इगतपुरीत चहासाठी थांबलो आणि त्यानंतर गाडी चालूच झाली नाही. सेल्फ नेहमीच्याच वेगाने फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हते. पाऊण तासाने पहिल्याच चावीला ते चालू झाले. हाच प्रकार नंतर नाशिकमध्ये दोनदा घडला, आणि दोन्ही वेळा इंजिन गरम होते. येथील एका गॅरेजमध्ये बॅटरी आणि सेल्फ दोन्ही बदलण्यास सांगितले आहे. खर्च करण्यापूर्वी आणखी काय तपासावे?

प्रतिसाद १
सेल्फ न फिरणे आणि सेल्फ फिरूनही इंजिन न पकडणे हे दोन निराळे दोष आहेत, आणि आपला दोष दुसऱ्या प्रकारचा असल्यामुळे बॅटरी व सेल्फ यांच्यावर संशय घेण्याचे कारण मला दिसत नाही. तरीही खात्री हवी असल्यास मल्टिमीटर लावून पाहावा. पूर्ण चार्ज बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि सेल्फ मारताना ती साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. त्यानंतर प्रश्न उरतो तो पेट्रोल आणि ठिणगी यांपैकी काय पोहोचत नाही, एवढाच. गाडी पुन्हा अडेल तेव्हा सेल्फ न मारता फक्त चावी ऑन करावी आणि मागच्या सीटखालून पंपाची दोनेक सेकंदांची घरघर ऐकू येते का ते पाहावे. डॅशबोर्डवरील इमोबिलायझरचा (चावी ओळखली नाही तर इंजिन चालू न होऊ देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचा) दिवा चावी ऑन केल्यावरही लुकलुकत राहतो का, हेही पाहावे.

प्रतिसाद २
सीएनजीवाल्यांची एक सवय येथे नडते. गाडी पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जाते, म्हणून टाकी कायम रिझर्व्हवर ठेवली जाते. परंतु टाकीतील पंपाला थंड ठेवण्याचे काम पेट्रोलच करत असल्याने असा पंप तापतो आणि अकाली जातो. निदान पाव टाकी तरी ठेवावी.

धागाकर्ता
टाकी अर्धी आहे. काल द्वारका चौकाजवळ गाडी पुन्हा अडली, तेव्हा पंपाचा आवाज स्पष्ट आला आणि इमोबिलायझरचा दिवाही विझला. मात्र सेल्फ मारताना आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा शून्यावरून हललाच नाही. एरवी तो थोडा वर येतो.

प्रतिसाद १
मग माझा संशय क्रँकशाफ्ट सेन्सरवर आहे. इंजिन फिरते आहे की नाही हे ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) तोच सांगतो, आणि त्याचा सिग्नल आला नाही तर ईसीयू ठिणगीही देत नाही व पेट्रोल सोडणारे इंजेक्टरही उघडत नाही. आतील तारेची गुंडाळी तापली की सर्किट तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते, त्यामुळे गॅरेजला पोहोचेपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागू लागते. (मेकॅनिकला दोष दिसत नाही आणि तो जे हाताशी येईल ते बदलतो, याचे मूळ बहुधा येथेच असते.) काट्यावरून अंतिम निर्णय करू नये, कारण काही गाड्यांत तो सेल्फच्या वेळी हलतच नाही. स्टीअरिंगखालील सॉकेटला स्कॅनर लावून, इंजिन गरम असताना आणि दोष चालू असतानाच, सेल्फ मारत आरपीएमचा आकडा पाहावा. पी ०३३५ हा या सेन्सरच्या सर्किटचा दोष-कोड आढळला तर संशय बळावतो, पण कोड नसला म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही. आणि सेन्सर बदलण्याआधी त्याचा कनेक्टर व वायर जरूर पाहावी.

धागाकर्ता
आज अंबडमधील एका ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे गाडी मुद्दाम तापवून नेली. स्कॅनरवर आरपीएम शून्यच दिसला. सेन्सर शाबूत निघाला. त्याच्या वायरचे वेष्टन इंजिनच्या उष्णतेने कनेक्टरपाशी तडकले होते आणि आतील तार जेमतेम टेकून होती. तेवढा तुकडा बदलून दिला आहे. बॅटरी जुनीच आहे. रविवारी पुन्हा कसारा घाट चढणार आहे, तेव्हा इगतपुरीत थांबून गाडी बंद करून पाहतो आणि येथे कळवतो.