बँकेतला 'फायनान्शियल रिव्ह्यू': तुमचे अनुभव सांगा

परवा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो. काम दहा मिनिटांचं. तेवढ्यात "सर, तुमचा फायनान्शियल रिव्ह्यू राहिलाय" म्हणत एका तरुणाने काचेच्या केबिनमध्ये नेलं. ज्या शाखेत पासबुक भरून घ्यायला तीन हेलपाटे पडतात, तिथे खुर्ची, एसी आणि वर चहा! माझी मुदत ठेव कधी संपतेय ते मला आठवत नव्हतं, त्याला तारीख पाठ होती. मग आलेख आला. ठेवीची रेघ जमिनीला चिकटलेली, दुसरी आभाळात. खालचं बारीक अक्षर वाचायला मी चष्मा काढेपर्यंत त्याने पान उलटलं. दरवर्षी दोन लाख, फक्त पाच वर्षं. माझं वय ६८. विचारलं, "विमा आहे का हा?" "नाही सर, इन्व्हेस्टमेंट. विमा त्यात फ्री!"

तिथेच उठायला हवं होतं. पण चहा प्यायलो होतो ना, म्हणून आणखी पाऊण तास बसलो. सही केली नाही, एवढंच. तुम्हीही असे बसला असाल तर लिहा. फसला असाल तर सविस्तर लिहा.

* * *

माझी आई बसली आणि सही करून आली. बाबांच्या माघारी मिळालेले पैसे होते, तिला वाटलं ठेवच आहे. विमा कंपनीचा खात्री करायला फोन येईल, सगळ्याला 'हो' म्हणा, असं पढवलं होतं. तिने म्हटलं. पॉलिसीचं पाकीट देव्हाऱ्याच्या मागे न फोडलेलं सापडलं. फॉर्मवर आईचा व्यवसाय 'व्यापार', उत्पन्न आठ लाख. आई जन्मभर बालवाडीत शिकवत होती!

पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. आमचा सव्विसावा दिवस होता. शाखेत उत्तर मिळालं, "मॅडम रजेवर आहेत, पुढच्या सोमवारी या." सोमवारी मुदत उलटली असती. आम्ही थेट विमा कंपनीला मेल केला, अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का घेतला, तोही भांडून. स्टँप ड्यूटी वगैरे कापून पैसे आले. आईला मात्र पॉलिसी गळ्यात मारणाऱ्या बँकेतल्या त्या मुलीचंच जास्त लागलं. "मला आई म्हणायची गं," एवढंच बोलली.

* * *

आमच्याकडे लॉकर हवा तर पॉलिसी घ्या, असा हिशोब होता. म्हटलं, हे लेटरहेडवर लिहून द्या. नवीन लॉकरला तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडायचा खर्च निघेल एवढी ठेव बँक मागू शकते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत पॉलिसीची अट कुठेच नाही. लेटरहेड काही निघालं नाही. आठवड्यात लॉकर मिळाला.

* * *

मी टेबलाच्या पलीकडे बसायचो. २०२४ ला शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. रोज संध्याकाळी वरून कॉल यायचा, "आज किती लॉगिन?" म्हणजे पॉलिसीचे किती अर्ज भरून घेतले. मार्चमध्ये तर दिवसातून तीनदा. संपत आलेल्या ठेवींची यादी सकाळीच टेबलावर असायची आणि पेन्शनरांपासून सुरुवात व्हायची, कारण ते फोन उचलतात आणि बोलावलं की येतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजना आमच्याच काउंटरवर होती, तेव्हा ८.२ टक्के, ३० लाखांपर्यंत. तिचं टार्गेट नव्हतं, म्हणून तिचं नाव कोणी काढायचं नाही. मीही नाही काढलं. एका निवृत्त कंडक्टरला मी स्वतः पॉलिसी विकली. दुसऱ्या वर्षी ते विचारायला आले, "साहेब, हप्ता भरायला ठेवीवर कर्ज मिळेल का?" मी फॉर्म दिला.

* * *

आमच्या हिच्याकडे जालीम उपाय आहे. केबिनमध्ये बसायच्या आधीच सांगते, "आमचे जावई विम्याचंच काम करतात हो." पोरगा पुढचं पान उघडतच नाही.

आम्हाला दोन मुलगेच आहेत.