काळ्या गाडीवर चार महिन्यांत जाळं पडलंय, सिरॅमिक कोटिंग करू की पीपीएफ फिल्म?

काळीगाडी_वाकड
मंडळी नमस्कार. दसऱ्याला गाडी घेतली, काळी. घरी सगळे पांढरी घे म्हणत होते पण मला लहानपणापासून काळीच हवी होती. आता जेमतेम चार महिने झालेत आणि परवा भर दुपारी ऑफिसच्या बेसमेंटमधून वर काढली तर बोनेटवर कोळ्याचं जाळं विणल्यासारखे बारीक बारीक गोल ओरखडे, टपावर पण, दारांवर पण. जीव तुटला अक्षरशः. सहा वर्षं बाइकवर काढून, पैसे साठवून घेतलीये ही गाडी.

सोसायटीत एक काका रोज सकाळी साडेसहाला गाडी पुसतात, महिन्याचे ६०० रुपये. एक बादली, एक फडकं आणि अठरा-वीस गाड्या. पाणी बोअरचं, कधी टँकरचं. डाव्या बाजूला वाळलेल्या थेंबांचे पांढरे डाग बसलेत ते शांपूने पण जात नाहीत. डिलिव्हरीच्या वेळी शोरूमने टेफ्लॉन कोटिंग म्हणून साडेपाच हजार घेतले, त्याचा काही उपयोग झालेला दिसत नाही. आता एक डिटेलिंगवाला (गाडीचा रंग साफ-पॉलिश करणारा) म्हणतो सिरॅमिक करा, २५ हजार, नाइन-एच आहे, ओरखडा पडणारच नाही. दुसरा म्हणतो सिरॅमिकच्या नादी लागू नका, थेट पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, ९५ हजार. बजेट ३० पर्यंत ताणता येईल. काय करू?

रंगकाम_कोल्हापूर
भावा, २२ वर्षं झाली या कामात, आधी डेंटिंग-पेंटिंग आणि आता डिटेलिंग. कोटिंगचं मागनं बोलू, आधी हे ओरखडे आले कुठनं ते बघ. गाडीचा रंग म्हणजे पत्र्यावर प्रायमर, त्यावर बेसकोट म्हणजे खरा रंग, आणि सगळ्यात वर क्लिअरकोट. हे सगळं मिळून १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सचा एक कागद असतोय साधारण तेवढंच जाड. त्यात क्लिअरकोट ४०-५०. रात्रभर गाडीवर बसलेली धूळ म्हणजे बारीक वाळूच, तुमच्याकडं बांधकामं चालू असणार, सिमेंट, क्रशरची कच सगळं त्यात आलं, आणि त्यावरनं अर्धवट ओलं फडकं रोज फिरलं की सँडपेपर मारल्यासारखंच झालं. दहाव्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी म्हणजे चिखल असतोय.

आणि खरं तर ते ओरखडे गोल नसतातच, उभे आडवे तिरके सगळे असतात, पण उजेडाभोवती जे बरोबर आडवे येतात तेवढेच चमकतात म्हणून गोल जाळं दिसतंय. रात्री मोबाइलचा टॉर्च धरून बोनेटवर फिरव, जाळं टॉर्चच्या मागं मागं येईल. नख हळूच फिरवून बघ. अडकत नसेल तर वरच्या वरच आहे, पॉलिशनं निघेल. अडकलं तर ओरखडा खोल गेलाय, तो उगाच काढत बसायचा नाही.

नाइन-एच म्हणजे पेन्सिलीचा कडकपणा. पेन्सिलीनं ओरखडा पडतोय का बघायची एक टेस्ट आहे, तिचा आकडा. धुळीतली गारगोटी कुठल्याही पेन्सिलीपेक्षा टणक असते. सिरॅमिकचा थर सहसा एखाद-दोन मायक्रॉनचा, तो ओरखडा काय अडवणार? त्याचा फायदा वेगळाय, चिखल धरत नाही, पाणी घरंगळून जातं, धुणं सोपं होतं, चमक टिकते. मी स्वतः करतो आणि मनापासून करतो. पण जाळ्यावर कोटिंग मारलं की जाळं आत कोंडलं, मग काढायचं तर कोटिंगसकट घासावं लागतंय. म्हणून आधी चांगला वॉश, मग आयर्न रिमूव्हर (ब्रेकचा लोखंडी चुरा रंगात रुतलेला असतो, तो जांभळा होऊन वाहतो, वास घाण येतो, घाबरू नको), मग क्ले (रुतलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा गोळा), मग पॉलिश, मग कोटिंग. क्ले जमिनीवर पडला तर सरळ टाकून द्यायचा, धुऊन परत वापरायचा नाही.

पॉलिश डीए मशिननं करून घे, तिचं पॅड फिरतं आणि हलतंही. नवशिक्या हातात नुसती गरगर फिरणारी रोटरी दिली तर होलोग्राम पडतात, उन्हात तेलाचा तवंग पसरल्यागत दिसतं. आणि कंपाउंड (घासून ओरखडे काढायची पेस्ट) लावायच्या आधी मीटर लावून प्रत्येक पॅनलच्या रंगाची जाडी बघायला सांग. एकदा जोरात कंपाउंड मारलं की २-३ मायक्रॉन सहज जातात, आणि गेलेला क्लिअरकोट परत येत नाही. ज्याच्याकडं मीटरच नाही त्याच्याकडं गाडी देऊ नको.

ठाणे_तिसरा_मजला
वरच्या दादांशी सहमत, मी फक्त पाण्याचं सांगतो कारण ते सगळे विसरतात. पांढरे डाग म्हणजे बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम मॅग्नेशियम, पाणी उडून जातं आणि क्षार राहतो, आणि उन्हात धुतलं की तो भाजून बसतो. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, मायक्रोफायबरला लावून मिनिटभर ठेवा, घासू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा. सावलीत आणि गार पत्र्यावरच करा. तरी नाही गेले तर क्षार आत खात गेलाय, मग पॉलिशच.

अजून एक, आरओचं वाया जाणारं पाणी बरेच जण गाडीला वापरतात, पाणी वाचतं हे खरं, पण त्यात क्षार नळाच्या पाण्यापेक्षाही जास्त असतात. ते फरशीला वापरा, गाडीला नको. उलट एसीच्या पाइपमधून जे पाणी टपकतं त्यात क्षार जवळपास नसतातच. मी उन्हाळाभर बाटल्यांमध्ये गाळून साठवतो आणि शेवटचा हात त्याचा देतो, एक डाग पडत नाही.

फ्लॅटवाल्यांना पाइप लावता येत नाही हे मान्य. दोन बादल्या घ्या, एकीत शांपू, एकीत साधं पाणी, साध्या पाण्याच्या तळाशी जाळी, म्हणजे मिटची (गाडी धुवायच्या हातमोज्याची) वाळू खाली बसते. आधी दोन लिटरच्या पंप स्प्रेने धूळ वाहून जाऊ द्या, मग वरून खाली, चाकं आणि खालचा भाग सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या कापडाने. भांड्यांचं लिक्विड, कपड्यांची पावडर अजिबात नाही, त्याने वॅक्स-बिक्स जे काही असेल ते सगळं निघून जातं. मला रविवारी सकाळी चाळीस मिनिटं लागतात, मुलगी पंप मारते.

आंबाघाट_रत्नागिरी
आमच्याकडे सध्या मोहोर आलाय, आणि आंब्याखाली गाडी लावली की तुडतुड्यांचा चिकटा पडतो, सकाळी काच पण चिकट. त्यावर नंतर काळी बुरशी धरते. ही गोष्ट पुण्यात पण आहे, रेनट्रीखाली लावून बघा. चिकटा, पक्ष्यांची विष्ठा, हे कधीही कोरडं खरवडू नका. विष्ठा तर आम्लधर्मी, त्यात उन्हाने क्लिअरकोट मऊ झालेला, दुपारपर्यंत ठेवली तर डागाचा खड्डा पडतो. मी दारातच पाण्याची बाटली आणि दोन कापडं ठेवतो, ओलं कापड पाच-दहा मिनिटं नुसतं वर ठेवायचं, मग अलगद उचलायचं. रंगपंचमी येतेच आहे, गुलाल-रंगाचं पण तेच, आधी पाणी मग हात.

पीपीएफबद्दल जरा वेगळं मत. ९५ हजार पूर्ण गाडीला नका घालू, पण पुढच्या बंपरला, बोनेटला, आरशांना आणि मागच्या चाकांच्या पुढच्या पट्ट्याला नक्की करा. मी महिन्यातून चार-पाच वेळा घाटातून जातो, पुढचा ट्रक खडी उडवतो, त्या दगडाला सिरॅमिक काहीच करू शकत नाही, १५०-२०० मायक्रॉनची फिल्मच लागते. फक्त टीपीयू (लवचिक प्लास्टिक) आहे का विचारून घ्या, पीव्हीसीची स्वस्त फिल्म लवकर पिवळी पडते. आणि कव्हर घालत असाल तर धूळ बसलेल्या गाडीवर घालू नका, वाऱ्याने कव्हर हलतं आणि तेच फडक्याचं काम करतं.

काळीगाडी_वाकड
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. एक अवघड प्रश्न, काकांना काय सांगू? साठीचे आहेत, पहाटे सायकलवर येतात, त्यांची काही चूक नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाहीये. बंद करा म्हटलं तर त्यांचे ६०० जातात आणि मनाला पण लागेल.

ठाणे_तिसरा_मजला
बंद नका करू. आमच्याकडच्या मामांना मी सांगितलं की मामा, बॉडीला हात नको, काचा, चाकं आणि आतले मॅट तुम्ही करा, पैसे तेवढेच. काचेसाठी दोन मायक्रोफायबर दिली. पहिल्या आठवड्यात सवयीने दोनदा बोनेट पुसलं, मग लक्षात राहिलं. आता दुसऱ्या दोन गाड्यांना पण तेच करतात.

काळीगाडी_वाकड
काकांशी बोललो, त्यांनी ऐकून घेतलं, काचेचं कापड बघून म्हणाले हे घरी पण चष्म्याला चालेल का. अजून एक कापड दिलं.

पण आज दुसरंच निघालं. मीटरवाला डिटेलर शोधला, त्याने सगळे पॅनल मोजले, आकडे मायक्रॉनमध्ये. बोनेट ११८, १२१, ११६, टप ११०, उजवी दारं ११५ ते १२२. डावं मागचं दार २६४, २७१, २४९. चार महिन्यांची गाडी आहे आणि मी कुठेही ठोकलेली नाही, शपथेवर सांगतो. मीटर बिघडलंय का?

रंगकाम_कोल्हापूर
मीटर ठीक हाय. बाकी सगळे आकडे बरोबर येतायत आणि एकच दार दुप्पट, म्हणजे त्या दारावर परत रंग मारलाय. ट्रकवर चढवता-उतरवताना किंवा यार्डात लागलं असणार आणि तुला द्यायच्या आधी रंगवून दिलं. दाराच्या कडेचं रबर थोडं मागं ओढ आणि टॉर्चनं बघ, मास्किंग टेपची बारीक कड राहिलेली दिसते का, बोटाला पण लागते. फोटो काढ, मीटरच्या आकड्यासकट आणि तारखेसकट. त्या दाराला आत्ता पॉलिश पण नको, फिल्म तर अजिबात नको, कंपनीच्या बाहेर मारलेला रंग फिल्म काढताना सोबत निघून येऊ शकतो. आधी शोरूमला लेखी विचार, डिलिव्हरीपूर्व तपासणीचा कागद माग.

काळीगाडी_वाकड
बघितलं आत्ता खाली जाऊन. कड आहे. दाराच्या वरच्या कोपऱ्यापासून बिजागरीपर्यंत, सरळ.