रोमन सुवर्णनाण्यांवरील सम्राज्ञी आणि देवी

प्रश्न (शिवाजी पेठ): आपल्या कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातील, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती पाहिल्यापासून रोमन वस्तूंविषयी कुतूहल वाटते. ऑरियस या रोमन सुवर्णनाण्यांवर एका बाजूस सम्राज्ञी, तर मागील बाजूस देवी का असते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (राजारामपुरी): सम्राज्ञीच्या अंगी कोणते गुण पाहावेत, हे देवीच्या निवडीतून सूचित होत असे. सम्राट मार्कस ऑरेलियसची पत्नी धाकटी फाउस्टिना हिच्या नाण्यांवर प्रसूतीची देवता जुनो लुसिना येते, कारण वारसाचा जन्म ही राजकीय बाब होती. तिची आई थोरली फाउस्टिना हिची बहुतेक नाणी मात्र तिच्या मृत्यूनंतर, पती सम्राट अँटोनिनस पायसच्या काळात पाडलेली असून त्यांवर ‘दिवा’ म्हणजे देवत्व पावलेली अशी उपाधी आढळते.

उत्तर (ताराबाई पार्क): केशरचनाही पाहावी. अक्षरे झिजली तरी सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची पत्नी ज्युलिया डोम्ना तिच्या दाट, लहरदार केशसंभारावरून ओळखता येते.