आत्या मानसोपचार केंद्रात आहे, तिला मतदान करता येतं का? (मदत हवी आहे)

कायद्यातलं नक्की माहीत असलेल्यांनी कृपया सांगावं.

माझी आत्या ६१ वर्षांची, स्किझोफ्रेनिया आहे. २०२० पासून कात्रजच्या बाजूला एका खासगी केंद्रात राहते. गोळ्या वेळेवर असल्या की छान असते, पेपरातलं शब्दकोडं माझ्याआधी सोडवते. मतदार यादीत नाव अजून सदाशिव पेठेतल्या घरच्या पत्त्यावर आहे. २०२४च्या विधानसभेला तिला न्यायला गेले तर ही इस्त्रीची साडी नेसून, मतदार कार्ड रुमालात गुंडाळून तयार! तिथले व्यवस्थापक म्हणाले, "इथल्या लोकांना मत नसतं, येरवड्याच्या कैद्यांसारखंच." मला काही बोलता आलं नाही. आत्याने कार्ड परत उशीखाली ठेवलं.

आता घरी आलेले बीएलओ (मतदार यादी तपासणारे अधिकारी) म्हणतात, त्या इथे राहत नाहीत तर नाव काढावं लागेल. चुलतभाऊ म्हणतो, कशाला त्या भानगडीत पडतेस. (त्याने स्वतः शेवटचं मत कधी दिलं ते विचारू नका.)

खरंच तिचा हक्क गेलाय का?

प्रतिसाद १

ताई, अजिबात नाही. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १६ वाचा. मनोविकल असल्याचं सक्षम न्यायालयाने जाहीर केलं असेल तरच नाव यादीत राहत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीने किंवा केंद्रात भरती केल्याने हक्क जात नाही. पत्त्याचं कलम २०मध्ये आहे: अशा संस्थेत रुग्ण आहे एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. नाव काढायचंच म्हटलं तर आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, ती सोडू नका.

कैद्यांचं वेगळं. १९५१च्या कायद्याचं कलम ६२(५): आत असेपर्यंत मत नाही, अगदी कच्च्या कैद्यालाही. जामिनावर सुटला की देता येतं. प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्याला (म्हणजे खटल्याविना, खबरदारी म्हणून आत ठेवलेल्याला) मात्र टपाली मत आहे. आणि निवडणूक आतून लढवता येते बरं का, २०२४ला इंजिनिअर रशीद तिहारमध्ये असतानाच बारामुल्लातून खासदार झाले!

आत्यांकडे ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर लोकसभा-विधानसभेला फॉर्म १२डी भरून घरून मत देता येतं. अधिसूचनेनंतर पाचच दिवस मिळतात.

धागाकर्ती

खूप आभार! प्रमाणपत्र आहे, पण १२डी नको. तिला शाळेतल्या रांगेतच उभं राहायचंय, आधीच विचारून ठेवलंय मी. केंद्रात कलम १६ची प्रत आणि त्या दिवशी बाहेर नेण्याचा अर्ज लेखी देते. मजकुराचा नमुना आहे का कुणाकडे?