रिमोट काढून घ्यायच्या आधी

लालबागची लेक
काल इथेच एकाने लिहिलं : "संध्याकाळी सात ते दहा बायका मालिकांच्या नादी लागतात आणि पोरं वाऱ्यावर सोडतात. रिमोट काढून घ्या, आपोआप ताळ्यावर येतील." वाचल्यापासून डोकं तापलंय.

माझे बाबा गिरणीत साचा खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि घरात येणारा पगार थांबला तो कायमचा. आईने खाणावळ काढली. पहाटे चारपासून पोळ्या, रात्री अकराला शेवटचं ताट. 'आभाळमाया' १९९९मध्ये सुरू झाली, तेव्हा मी आईला पहिल्यांदा ओट्यापासून लांब बसलेली पाहिली. त्यातली सुधा जोशी शिकलेली, नोकरी करणारी. आई सातवी पास. एकदा मला म्हणाली, "हिच्यासारखं बोलता आलं असतं तर मी तुझ्या काकांना तेव्हाच उत्तर दिलं असतं." या अर्ध्या तासाला नाद म्हणणाऱ्याने आधी एका वेळी वीस ताटं वाढून दाखवावीत.

विरार लेडीज
ताई, तुमच्या आईला नमस्कार. पण 'आभाळमाया'च्या आडून बाकीच्या मालिकांना सोडवू नका. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली. त्याच काळात मी लग्न होऊन आले. पडद्यावरची सून उलट बोलली की टोमणा मला बसायचा. चर्चगेटहून विरारपर्यंत उभ्याने यायचं, हातपाय धुऊन लगेच कणीक मळायला घ्यायची, आणि समोर ती सून झोपतानासुद्धा शालूत! वर्षानुवर्षं माझी बरोबरी तिच्याशी झाली. मालिकेत कधी कुणी लोकलला लटकताना दिसतं का?

बी विंग, सातवा मजला
लोकल राहू द्या, घरं बघा. मुंबईत राहतात म्हणे, आणि दिवाणखान्यातून वर गोल जिना! मी बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत वाढलो. आता पुनर्विकासात ५०० फुटांचा फ्लॅट मिळालाय. पण आईचं काय झालं सांगतो. चाळीत मालिका लागली की चार घरच्या बायका आमच्याकडे शेंगा सोलत बसायच्या. निम्म्या गप्पा मालिकेच्या, निम्म्या पाण्याच्या नि पोरींच्या लग्नाच्या. इथे सगळी दारं बंद. तीच आई आता एकटी टीव्हीसमोर बसते आणि पडद्यावरच्या माणसांशी बोलते. घर मिळालं, माणसं गेली.

गिरगावकर
चाळीचे हे गोडवे पुरे करा. सकाळी डबा घेऊन सामायिक संडासापुढे रांगेत उभं राहिलेल्या बाईला विचारा, तिला काय वाटायचं. माझ्या आजीचा गुडघा त्या जिन्याने गेला. एवढं प्रेम असेल तर फ्लॅट परत करा.

बी विंग, सातवा मजला
परत करा? शंभर वर्षांच्या चाळीत आमच्या तीन पिढ्या कुजल्या, तेव्हा कोण आलं होतं विचारायला? फ्लॅट नको असं मी कुठे म्हटलं? आणि देखभाल खर्च उद्या आमच्याच बोकांडी बसणार आहे. तो कुठून भरायचा, तेही सांगा.

परळची सून
दोघेही पुरुष, म्हणून असं भांडताय. दार उघडं म्हणजे नव्या सुनेने साडी कुठे बदलायची? एका खोलीत आम्ही सात जण. सासूबाई मालिका मोठ्या आवाजात लावायच्या. तो अर्धा तास मी आणि नवरा मोरीपाशी उभं राहून बोलायचो. दोन वर्षं आमचा सगळा संसार त्या आवाजाआड चालला. पहिल्यांदा दिवस राहिले तेही त्याला मी तेव्हाच सांगितलं. जाहिरात लागली की गप्प! मालिकेत काय चाललं होतं, एक अक्षर आठवत नाही.

लालबागची लेक
परळच्या ताई, हे वाचून थांबावं लागलं. विरारच्या ताई, तुमचंही मान्य करते, जिवावर आलं तरी. माझ्या वहिनीला आईने असेच टोमणे मारलेत. मी ऐकत होते आणि गप्प बसले.

रिमोटवाला
ती ओळ माझी. मुलाचं दहावीचं वर्ष आहे, त्या काळजीतून लिहिलं. एकाच खोलीत टीव्ही चालू असेल तर त्याने अभ्यास कुठे करायचा?

विरार लेडीज
तुम्ही घरी किती वाजता पोचता?

रिमोटवाला
साडेनऊ, पावणेदहा. गाडी लेट असली तर साडेदहा.

विरार लेडीज
म्हणजे सात ते दहा ती पोराचा डबा, शिकवणी, औषधं काय काय बघते, ते तुम्हाला दिसतच नाही.

रिमोटवाला
'वाऱ्यावर' हा शब्द मागे घेतो. टीव्हीच्या आवाजाबद्दलचं म्हणणं मात्र कायम आहे.

गिरगावकर
आवाज भिंती पातळ असल्यामुळे येतो. नव्या टॉवरांतही तेच. बी विंगवाल्यांना विचारा.

बी विंग, सातवा मजला
भिंती पातळ आहेत हे खरं. शेजारच्या घरात कुठली मालिका लागते ते आईला ऐकू येतं. काल तिने पहिल्यांदा त्यांची बेल वाजवली.