जुन्या वास्तूतलं आजचं चित्र-शिल्प: ठाण्याहून एका दिवसात किती?

घंटाळीकर
भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि काळा घोड्याजवळचं एनजीएमए (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट), दोन्ही एकाच रविवारी होतील का? सोबत सासूबाई आहेत, जिने त्यांना त्रासाचे. वाशीहून एक मैत्रीणही येणार आहे.

पाचपाखाडी
रविवार नको. मेगाब्लॉक असला की फास्ट लोकल स्लो मार्गावर येते, शिवाय भाऊ दाजी लाडला लागूनच असलेल्या राणीच्या बागेत पेंग्विन बघायला आलेली गर्दी फाटकापाशीच गाठते. फोर्ट-कुलाब्यातल्या बहुतेक खासगी गॅलऱ्याही त्या दिवशी बंद. एनजीएमए सोमवारी बंद, भाऊ दाजी लाड बुधवारी. म्हणजे सुट्टीचा शनिवारच उरतो.

आणि दोन्ही एका दिवसात कोंबू नका. एनजीएमएला दीड-दोन तास सहज जातात, तेही चढउतार करत. ही इमारत म्हणजे १९११ चा सर कावसजी जहांगीर हॉल. सभांसाठी बांधलेल्या त्या सभागृहात मजले घालून १९९६ मध्ये गॅलरी सुरू झाली. त्यामुळे एका दालनातून पुढच्यात जायचं तर बहुतेक वेळा पायऱ्याच. घुमटाखालचं दालन सगळ्यात वर. सासूबाईंना तळमजला निवांत दाखवा, वर तुम्ही एकट्या जाऊन या. शिवाय एक प्रदर्शन उतरवून दुसरं लावताना दालनं बंद ठेवतात. निघण्याआधी फोन करून ‘आत्ता काय लागलंय’ हे विचाराच, नाहीतर फेरी फुकट.

सानपाडा
वाशीच्या मैत्रिणीला सांगून ठेवा, हार्बरला भायखळा नाही. कुर्ल्याला उतरून मेन लाइनची गाडी धरावी लागते. एनजीएमएसाठी मात्र हार्बरने थेट सीएसएमटी. तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटं. पाय दुखत असतील तर सरळ टॅक्सी करा.

घंटाळीकर
गुडघ्यांचा विचार करता आधी भायखळाच करू. पण तिथे तर जुन्या वस्तू ना? आजची कला कुठे असते?

कोपरी_पूर्व
तिथली खरी गंमत तीच. इमारत १८७२ ची, आत लोखंडी खांब, सोनेरी नक्षी, खाली रंगीत फरशा. मोठ्या दुरुस्तीनंतर २००८ मध्ये पुन्हा उघडली. अशा भिंतीत कोण खिळा ठोकू देईल? म्हणून कलाकाराचं काम बऱ्याचदा जुन्या काचकपाटांच्या आत-मध्येच मांडतात. आजचे चित्रकार जितिश कल्लाट यांचं २०११ चं प्रदर्शन तिथलंच. नवं काम ‘वेगळ्या खोलीत’ शोधत गेलात तर मातीच्या बाहुल्यांशेजारी ठेवलेलं नजरेतून निसटतं. कपाटातली प्रत्येक पाटी वाचा. साल अलीकडचं दिसलं की थांबा. मागच्या चौकातलं छोटं दालनही चुकवू नका.

पांढरा शर्ट घालू नका, चेष्टा नाही. काचेत वस्तूऐवजी तुम्हीच दिसता. गडद कपडे घाला आणि समोर न उभं राहता थोडं तिरकं उभं राहा.

घंटाळीकर
आणि अशा ठिकाणी दिवे इतके मंद का? फोटो धड येत नाहीत.

पाचपाखाडी
मुद्दामच. कागद, जलरंग, कापड यांवर साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रकाश ठेवायचा दंडक आहे, तैलचित्राला १५०-२०० चालतो. उजेडाने विटलेला रंग परत येत नाही. फ्लॅश लावू नका, काचेवर पांढरा डाग उठतो तो वेगळाच. आत शिरल्यावर चार-पाच मिनिटं डोळे सरावू द्या, मग पाहायला लागा.

पावसाळ्यात ओली छत्री आत नेऊ देतील असं धरू नका, दमट हवेने कागद फुगतो. मोठी बॅगही बाहेर ठेवावी लागते, म्हणून डबा-बाटली कमीच बरी. पैसे, फोन आणि सासूबाईंच्या गोळ्या खिशात किंवा छोट्या पर्समध्ये घ्या.